मुरलेलं की कुजलेलं? बोकाशीची बादली आणि कंपोस्टचं मडकं

पंधरा दिवस घट्ट बंद ठेवलेल्या बादलीचं झाकण उघडलं, तेव्हा आत खत असेल अशी माझी समजूत होती. आत पोळी होती. घडी जशीच्या तशी, कडा जरा फिकट. शेजारी दुधीची सालं, त्यांच्यावर पांढरी बुरशी, आणि बटाट्याच्या भाजीतली मोहरी मोजता येईल इतकी शाबूत. वास मात्र घाण नव्हता. इडलीचं पीठ जास्त आंबलं की येतो तसा होता. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर लोणचं घातलंयस तू. खत कुठाय?"

तिचं म्हणणं तेव्हा मनावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यातलं दोन ओंजळी मोगऱ्याच्या कुंडीत घातलं, वर मूठभर माती लोटली आणि आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मोगरा वाचला, पण त्या उन्हाळ्यात एक कळी दिसली नाही.

फ्लॅटमध्ये राहून ओल्या कचऱ्याचं काहीतरी करावं असं वाटणारी बहुतेक माणसं या वळणावर येतात. दुकानात शेजारीशेजारी दोन वस्तू असतात. एक झाकणाची, खाली तोटी असलेली बादली आणि तिच्यासोबत कोंड्याची पिशवी: बोकाशी. दुसरी, भोकांची मडकी किंवा जाळीचा ड्रम: कंपोस्ट. दोन्हींवर साधारण एकच लिहिलेलं असतं, 'स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं घरच्या घरी खत'. पण आत चालतं ते अगदी वेगळं. मराठीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदंही तयार आहेत. बादलीत कचरा मुरतो, मडक्यात कुजतो.

कुजण्याला हवा लागते. मडक्याला भोकं असतात ती त्यासाठीच. सालं, देठं, चहाचा चोथा, त्यावर सुका पाला, असं थरावर थर पडत गेलं की हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी ते खाऊन टाकतात. कार्बनचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, पाणी वाफ होऊन जातं, म्हणून काठोकाठ भरलेलं मडकं पुढच्या आठवड्यात निम्मं खाली बसलेलं दिसतं. शेवटी उरतं ते काळपट, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो त्याच वासाचं. उपमा म्हणून हे म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी वास एकाच द्रव्याचा असतो, जिओस्मिनचा, आणि ते मातीतले एका गटाचे जिवाणू तयार करतात. हा वास आला की काम झालं असं धरायला हरकत नाही.

सगळी गोम सुक्या पाल्यात आहे. शास्त्रीय भाषेत कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं हवं. घरच्या भाषेत, एक वाटी ओलं तर एक ते दोन वाट्या सुकं. आमच्या सोसायटीत बदामाचं झाड आहे. त्याची पानं झाडून पोत्यात भरून ठेवायची, नुसती टाकायची नाहीत तर हाताने चुरून टाकायची. पाला नसेल तर कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा. विरजण म्हणून आधीच्या खेपेचं मूठभर खत, नाहीतर आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. ओल किती असावी हे पाहायला उपकरण लागत नाही: मूठभर घेऊन घट्ट पिळायचं, बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा. बाल्कनीतल्या मडक्यात शेतातल्या ढिगासारखी ६० अंशांची उष्णता चढत नाही, ढीग तेवढा मोठा नसतो. त्यामुळे दोन महिने धरून चाला, थंडीत थोडे जास्त. अळ्या दिसल्या तर घाबरू नका. करड्या, चपट्या, जाडसर अळ्या सहसा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि त्या तुमच्यापेक्षा जोमाने काम करतात. पाहुणे येणार असतील तेव्हा मात्र झाकण लावून घ्या.

मुरण्याला हवा चालतच नाही. बोकाशी ही जपानी शेतकऱ्यांची जुनी रीत. ओकिनावाच्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू, यीस्ट वगैरेंचं एक मिश्रण 'ईएम' या नावाने पुढे आणलं आणि बादलीतली आजची बोकाशी त्यावर उभी राहिली. गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा, काकवी आणि हे जिवाणू, असं कालवून सुकवलेलं मिश्रण म्हणजे पिशवीतला कोंडा. कचऱ्याचा थर, वर मूठभर कोंडा, ताटलीने दाबून हवा काढायची आणि झाकण घट्ट. बादली भरली की दोन आठवडे उघडायची नाही. आत आम्ल वाढत जातं, सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो, आणि त्या आंबटपणात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. लोणचं टिकतं त्याचं कारणही तेच. म्हणून पोळी पोळीच राहिली होती. तिचं काही बिघडलं नव्हतं; मातीत गेल्यावर दुसऱ्या टप्प्यात होणारी गोष्ट मीच बादलीत, पहिल्या टप्प्यात शोधत होते.

बोकाशीचं खरं बलस्थान वेगळं आहे. कंपोस्टच्या मडक्यात आपण जे घालायला कचरतो, म्हणजे उरलेला भात, आमटीतला गाळ, पनीर, माशाची डोकी, कोळंबीची सालं, ते सगळं बादली मुकाट्याने घेते. हाडं विरघळत नाहीत, पण त्यांना वास येत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली राहते, चिलटं होत नाहीत, सुका पाला शोधत फिरावं लागत नाही. मासे खाणाऱ्या घरात, विशेषतः ज्यांची गॅलरी म्हणजे फक्त कपडे वाळवायची दांडी आहे त्यांच्यासाठी, बादलीइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.

तोटीतून निघणाऱ्या पाण्याबद्दल मात्र फार ऐकून घेऊ नका. ते आंबट असतं, त्यात काय किती आहे ते प्रत्येक खेपेला बदलतं. द्यायचंच तर अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा, त्याच दिवशी. मी आता बहुतेक वेळा ते मोरीत ओतते.

कोणी विचारतं, कचरा बंद डब्यात कोंडला की मिथेन नाही का होत? मुंबईतल्या देवनारसारख्या कचराभूमीत तेच तर होतं. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय, आणि ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही म्हणून ओला कचरा मिथेन हा पेट घेणारा वायू सोडतो. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. पण ते मुरणंही नव्हे आणि कुजणंही नव्हे, ते सडणं. मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना आंबट वातावरण सोसत नाही, म्हणून नीट मुरलेल्या बादलीत त्यांचं जमत नाही. दोन्ही पद्धती बिघडल्या की मात्र याच तिसऱ्या ठिकाणी पोचतात: मडक्यात पाला कमी पडला तर, बादलीचं झाकण सैल राहिलं तर. पांढरी बुरशी चांगली, काळी-हिरवी वाईट. आणि सडका वास आला तर नाकावर विश्वास ठेवा, पिशवीवरच्या मजकुरावर नाही.

आता अंगण नसलेल्यांच्या खऱ्या अडचणीकडे येते. बोकाशीच्या पिशवीवर शेवटची सूचना असते: 'जमिनीत पुरून ठेवा'. कुठल्या जमिनीत? जपानी शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तिसऱ्या मजल्यावर पडतो. कंपोस्ट मडक्यातच पुरं होतं, बोकाशी मातीत गेल्यावर पुरी होते. हा फरक विकत घेताना कोणी सांगत नाही.

यावर तोडगा आहे, फक्त एक टब जास्त लागतो. सुकून गेलेल्या रोपांच्या कुंड्यांतली थकलेली माती आपल्याकडे असतेच. ती दोन भाग, मुरलेला कचरा एक भाग, थर देऊन टबात भरायचं, वर चार बोटं नुसती माती. टबाच्या तळाला भोकं हवीत आणि पाऊस आत यायला नको. उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत पोळी गेलेली असते, मोहरी गेलेली असते, आंबट वासही गेलेला असतो, आणि ती मेलेली माती पुन्हा हाताला मऊ लागते. किंवा मुरलेला माल थोडा थोडा करून कंपोस्टच्या मडक्यात पाल्याबरोबर घाला. तो ताज्या सालांपेक्षा लवकर कुजतो. हल्ली मी हेच करते, म्हणजे माझ्याकडे बादलीही आहे आणि उतरंडही, आणि नवऱ्याच्या मते बाल्कनीत उभं राहायला जागा नाही.

मिठाचं एक सांगायला हवं. बादली उरलंसुरलं सगळं घेते, पण त्यातलं मीठ कुठेच जात नाही. शेतात पावसाने ते खाली वाहून जातं. कुंडीत ते साचतं. पापड, लोणच्याचा खार, चिवडा हे बादलीतसुद्धा नको.

आणि दुसरा फरक, ज्यामुळे मी एकच घ्यायचं तर मडकं घेईन. अंगण नसलेल्याला खत तर हवंच, त्याआधी माती हवी, आणि नर्सरीतली लाल माती जिन्याने वर चढवणं काय असतं ते चढवणाऱ्याला विचारा. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या गटाने, हे फार आधी ओळखलं होतं: पालापाचोळा कुजवून माती घरीच घडवता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली ती याच विचारावर, कँटीनचा ओला कचरा आणि सुका पाला यांच्या जोरावर. कुजलेला माल कुंडीत अर्ध्याला अर्धा घालता येतो. मुरलेला माल माती नसेल तर नुसताच मुरलेला राहतो.

तयार झालंय की नाही याबद्दल शंका असेल तर माझी पद्धत सांगते. चहाच्या कपात ते खत किंवा टबातली माती भरायची, वर चिमूटभर मेथी पेरायची, दुसऱ्या कपात नेहमीची माती आणि तेवढीच मेथी. चार-पाच दिवसांनी दोन्ही कप शेजारी ठेवून पाहायचे. पहिल्या कपात उगवलीच नाही, किंवा कोंब पिवळे पडले, तर आणखी पंधरा दिवस थांबा. दोन्ही सारखे हिरवे असतील तर मोगऱ्याला द्या, आणि मेथी सकाळच्या थालीपिठात घाला.