चोरलेल्या पासवर्डचा उलगडा कसा होतो?

2012च्या जून महिन्यात लिंक्डइनच्या सुमारे 65 लाख पासवर्डचे हॅश इंटरनेटवर उघड झाले आणि त्यांपैकी बहुसंख्य थोड्याच दिवसांत फुटले. हॅश म्हणजे गणिती प्रक्रियेतून तयार होणारी ठरावीक लांबीची खूण. एन्क्रिप्शन केलेला मजकूर किल्ली असल्यास पुन्हा वाचता येतो. हॅशवरून मूळ शब्दाकडे परतण्याची वाट मात्र ठेवलेलीच नसते. आपण लॉगिन करतो तेव्हा संकेतस्थळ टंकलेल्या पासवर्डचा हॅश नव्याने काढते आणि तो साठवलेल्या हॅशशी जुळतो का, एवढेच पाहते.

मग ते फुटले कसे? चोर हॅश उलटवण्याच्या फंदात पडत नाही. तो नावे, जन्मसाले, शब्दकोशातले शब्द आणि पूर्वी फुटलेले पासवर्ड घेऊन त्यांचे हॅश काढतो व यादीशी ताडून पाहतो. लिंक्डइनने वापरलेली एसएचए-1 ही पद्धत मुळात वेगवान आहे आणि हा वेग इथे चोराच्याच पथ्यावर पडतो. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या सुमारे 20,900 कोटी होतात. सेकंदाला 100 कोटी हॅश तपासणारे यंत्र त्या साडेतीन मिनिटांत संपवते. मुद्दाम संथ केलेल्या बीक्रिप्टसारख्या पद्धतीमुळे हा वेग सेकंदाला दहा हजारांवर आला, तर त्याच कामाला आठ महिने लागतात.

शिवाय त्या हॅशमध्ये सॉल्ट नव्हते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डला हॅश करण्यापूर्वी जोडलेली वेगवेगळी यादृच्छिक अक्षरे. ती नसली की समान पासवर्डचे हॅशही समान निघतात आणि एकदा केलेला हिशेब साऱ्या यादीवर चालवता येतो. युनिक्स या संगणकप्रणालीतील सॉल्टचे वर्णन रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979मध्येच प्रसिद्ध केले होते, हे लक्षात घेतले की या चुकीला अज्ञानाची सबब पुरत नाही. अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या 2013मधील चोरीत तर पासवर्ड हॅश न करता एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले होते आणि शेजारी पासवर्ड आठवावा म्हणून वापरकर्त्यांनी दिलेले इशारे उघड्या अक्षरांत होते; त्यामुळे एकाने दिलेल्या ढोबळ इशाऱ्यावरून तोच पासवर्ड ठेवणाऱ्या सगळ्यांचा उलगडा होऊ शकत होता.

आपला पासवर्ड संकेतस्थळ कसा साठवते, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून लांबी वाढवणे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवणे, हे आपल्या हातातले उपाय. त्यातला दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण एका दुकानाच्या संकेतस्थळावरून चोरलेली ईमेल-पासवर्डची जोडी चोर इतरत्रही लावून पाहतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा नियम मात्र निरुपयोगी आहे. लोक शेवटचा अंक तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017च्या मार्गदर्शिकेत अशी मुदतीची सक्ती नको, असे म्हटले.

इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहणे शक्य नाही, म्हणून सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डमागे साठवणारा पासवर्ड मॅनेजर वापरावा. त्याच्या मुख्य पासवर्डसाठी फासे टाकून निवडलेले सहा शब्द चांगले: 7,776 शब्दांची यादी घेतली, तर पाच फाशांच्या प्रत्येक फेकीला एक शब्द मिळतो. शब्द आपण मनाने निवडले, तर निवड अशी यादृच्छिक राहत नाही.