स्वीडिशमधले -हेत आणि -तेत: दिसतात सारखे, पण एकमेकांचे कोणी नाहीत

स्वीडिश शिकताना हा घोळ होतोच. फ्रीहेत म्हणजे स्वातंत्र्य, क्वालितेत म्हणजे दर्जा, दोन्ही भाववाचक नामं, दोन्हींच्या शेवटी तेच 'एत', अनेकवचनाला दोन्हीकडे -एर, मग माणसाला वाटणारच की एकाच प्रत्ययाची ही दोन रूपं आहेत. पण तसं अजिबात नाहीये.

-तेत मूळचा लॅटिन. तिथला -तास, द्वितीयेत -तातेम. त्याचाच स्पॅनिशमध्ये -दाद झाला, इटालियनमध्ये -ता, फ्रेंचमध्ये -ते, म्हणून कालिदाद, क्वालिता, कालिते. लॅटिनमधून निघालेल्या या रोमान्स भाषांना तो वारशात मिळाला, स्वीडिशने फ्रेंच-जर्मनकडून उसना घेतला. आणि आपल्या 'नम्रता'मधला -ता, वेदातल्या 'सर्वताति'मधला -ताति हे या लॅटिन -तासचे नातेवाईकच, लिंगसुद्धा तेच, स्त्रीलिंगी.

आता -हेत. हा जर्मॅनिक, म्हणजे इंग्लिश-जर्मन-स्वीडिशच्या कुळातला, इंग्लिश चाइल्डहूडमधला हूड तो हाच, त्यामुळे लोक याला अस्सल स्वीडिश धरून चालतात. पण गंमत अशी की हाही बाहेरचाच! मध्ययुगात हान्सा संघाचे, म्हणजे उत्तरेकडच्या व्यापारी शहरांच्या संघाचे, जर्मन व्यापारी विस्बी, स्टॉकहोम, बर्गनला ठाण मांडून होते, त्यांच्या लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीतून, हा प्रत्यय आला. त्याआधी स्वातंत्र्याला जुना नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, शब्द होता फ्रेल्सी, आइसलँडमध्ये आजही तोच चालतो. खरं तर -हेत हा एकेकाळी स्वतंत्र शब्द होता, अर्थ दर्जा, रीत असा काहीतरी, आणि नॉर्समध्ये त्याचा सख्खा भाऊ 'मान' या अर्थाने होताच, स्वीडिश हेदेर त्यातूनच आला. संस्कृत 'केतु'शी पण याचं नातं लावतात.

ओळखायचं कसं? प्रत्यय काढून बघा. फ्रीहेतमधून फ्री उरतो, म्हणजे मोकळा, चांगला वापरातला स्वीडिश शब्द. क्वालितेतमधून उरलेल्या 'क्वालि'ला स्वीडिशमध्ये काही अर्थ नाही. कानानेही कळतं, -तेतवर जोर पडतो, फ्रीहेतमध्ये जोर 'फ्री'वर. कधीकधी एकाच अर्थाला दोन्ही सापडतात, वास्तवाला वेर्क्लिहेत पण आणि रेआलितेत पण, रोजच्या बोलण्यात पहिलाच जास्त.

लिंगाचं मात्र जपून. स्वीडिशमध्ये नामाआधी 'एक' या अर्थाने 'एन' किंवा 'एत' लागतो, तो लिंगावरून ठरतो. -हेतवाले सगळे 'एन', -तेतवाले बहुतेक 'एन', पण विद्यापीठ नेमकं 'एत' उनिवेर्सितेत. त्यात स्वीडिशमध्ये 'ते अमुक' म्हणायलाही 'एत'वाल्या शब्दामागे -एतच लागतो (हूस म्हणजे घर, हूसेत म्हणजे ते घर), म्हणून १४७७ पासूनचं उप्सालाचं ते विद्यापीठ म्हणायचं तर उनिवेर्सितेतेत.