नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे
टाकीतले पाणी नितळ दिसते तोवर अ‍ॅक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लाला धोका नाही, हा जुना समज चुकीचा आहे. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दिसत नाही. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये रुजायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर पिल्लाच्या उघड्या कल्ल्यांना इजा होऊ शकते. म्हणून पाणी चाचणी-संचानेच तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. टाकीत हे जिवाणू अजून रुजले नसतील, तर पिल्लू वेगळ्या भांड्यात ठेवून रोज सगळे पाणी बदलावे, मात्र ते क्लोरीनमुक्त आणि १६ ते १८ अंश सेल्सिअसचे असावे. मेक्सिकोतील सोचिमिल्कोचा हा प्राणी चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.