एमएच १५ म्हणजे नाशिक, पण गाडी नाशिककराचीच असेल असं नाही

नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलात तर निम्मा महाराष्ट्र समोरून जातो. एमएच १५ म्हणजे आपण नाशिककर, एमएच ४१ मालेगाव, एमएच १७ श्रीरामपूर, एमएच १८ धुळे, एमएच १९ जळगाव, आणि शनिवार-रविवारी एमएच १२ (पुणे) नि एमएच ०४ (ठाणे) यांची रीघ. मध्येच एखादी जीजे १५ दिसते. ती वलसाडची, म्हणजे वापी वगैरे भागातली. नाशिकचाही १५, वलसाडचाही १५. म्हणून नुसता आकडा वाचून उपयोग नाही, आधी राज्याची अक्षरं बघायची.

पुढची अक्षरं म्हणजे मालिका. १ ते ९९९९ नंबर संपले की पुढची मालिका सुरू होते. आय आणि ओ ही अक्षरं मालिकेत वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. आणि हो, ४१४१ चं ‘दादा’ करणारे आपल्याकडे कमी नाहीत. नंबर खरा असतो, मांडणी बेकायदा असते. पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात, ‘मह १५’ सुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. पाटीवरचा कोड गाडीची नोंदणी कुठे झाली ते सांगतो, मालक आज कुठे राहतो ते सांगत नाही. पुण्याची सेकंडहँड गाडी नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्याने घेतली तरी नंबर एमएच १२ च राहतो. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, बदलतात ती कागदपत्रं. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव चढवायचं. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ जोडून आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवून घ्या. गाडी तीच आणि मालकही तोच, फक्त पत्ता बदलला, तर फॉर्म ३३, त्यालाही मुदत ३० दिवसांचीच. ‘नंबर एमएच १५ करून द्या’ म्हणून पेठ रोडच्या आरटीओत रांग लावण्यात अर्थ नाही.

खरी धावपळ परराज्यातल्या गाडीची. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. सुरुवात नाशिकहून होत नाही, मूळ आरटीओपासून होते. आधी तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, त्यासाठी फॉर्म २८. गाडी कर्जावर असेल तर बँकेची संमती आधी मिळवा, निम्मे अर्ज तिथेच अडकतात. तिथले ई-चलनही भरून टाका. मग इकडे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज त्या राज्यात वेगळा करायचा असतो आणि तो पैसा लवकर येईल अशी आशा धरू नये. मालकही बदलत असेल तर २९ आणि ३० सोबतच.

एनओसीच्या अर्जाला चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा, पेन्सिल ठसाही लागतो. ही गंमत एकदा बघण्यासारखी आहे. बॉनेट उघडायचं, नंबर कोरलेली जागा फडक्याने पुसायची, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. माझ्या मित्राने वापीहून गाडी आणली तेव्हा ग्रीसने माखलेल्या जागेवरून चार वेळा ठसा काढला, तरी शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते कळेना. रॉकेलने घासून साफ केल्यावर उमटला. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा, तिथे चूक चालत नाही.

सारखी बदली होणाऱ्यांसाठी बीएच (भारत) मालिका आहे, सप्टेंबर २०२१ पासून. नंबर ‘२२ बीएच…’ असा, पहिले दोन आकडे नोंदणीच्या वर्षाचे, राज्याचं नावच नाही. ही खासगी वापराच्या गाड्यांनाच मिळते. पात्र कोण? केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदलातले, सार्वजनिक उपक्रमांतले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले. खासगीवाल्यांनी कंपनीकडून फॉर्म ६० आणायचा. कर एकदम नाही, दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने. कराचा दर गाडीच्या किमतीवर: किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, पुढे १२. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. नाशकातच आयुष्य काढायचं असेल तर त्याच्या नादी लागू नका, दर दोन वर्षांनी कराची तारीख लक्षात ठेवायला लागते.

नंबर बदलला की नव्या हाय सिक्युरिटी पाट्या लावा, विमा कंपनीला कळवा आणि फास्टॅगवरही नवा नंबर चढवा. मित्राने सगळं केलं, तेवढं फास्टॅगचं राहिलं. घोटीच्या टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत तो आरसी दाखवत उभा होता.