दोष सेटचा नव्हे, तारांच्या जोडणीचा

'जुन्या गाडीत म्युझिक सिस्टीम बसवली की बॅटरी उतरते, म्हणून आधी मोठी बॅटरी घ्या,' हा सल्ला नागपुरात वर्षानुवर्षे ऐकू येतो आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. बहुतेक सेटच्या मागे दोन धन तारा असतात: पिवळी तार घड्याळ व स्टेशनांची नोंद जपण्यासाठी बॅटरीला कायम जोडलेली असते, तर लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज यायला हवी. जुन्या गाडीत चावीवर चालणारी लाइन शोधण्याचा कंटाळा करून काही फिटर दोन्ही तारा एकत्र पिळतात, वर काळी टेप गुंडाळतात, आणि चावी खिशात गेल्यावरही सेट जागाच राहतो.

नोंद जपायला 10 मिलिअँपिअर लागले, तर महिन्याला जेमतेम 7 अँपिअर-तास खर्च होतात. मात्र जाग्या सेटने अर्धा अँपिअर ओढला, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. मोठी बॅटरी हे मरण फार तर एक-दोन दिवस पुढे ढकलते. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरे, परंतु ती सेट नसलेल्या गाडीतही होतेच. लाल तार फ्यूजबॉक्समधल्या चावीवर चालणाऱ्या जागी हलवायला अर्धा तास पुरतो.