भिजलेले फोटो: आधी थंड पाणी

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मदतीला आलेल्यांनी ढिगाऱ्यांतून फोटोंचे आल्बमही गोळा केले. स्वयंसेवकांनी लाखो फोटो हाताने धुतले, वाळवले आणि लोकांना आपापले ओळखता यावेत म्हणून मांडून ठेवले. हे काम महिनोन्‌महिने चाललं. सुरुवातीच्या थंडीची त्याला साथ होती. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा हवा उबदार आणि दमट होती. अशा हवेत भिजलेले फोटो वाचवायला फार तर दोन दिवस हाती आहेत असं धरावं.

कारण जिलेटिन, म्हणजे जेलीसारखा एक पदार्थ. लॅबमध्ये छापलेल्या फोटोचा रंग कागदात नसतो, जिलेटिनच्या पातळ थरांत असतो. ओलं जिलेटिन फुगतं आणि जिवाणू ते खातात, वरून खाली. रंगीत फोटोत सर्वांत वर निळा-हिरवा थर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. म्हणूनच पुरातला फोटो कडेने आधी लाल, मग पिवळा आणि शेवटी पांढरा पडतो. कडा लाल दिसली तर वरचाच थर गेलाय, खालचे अजून वाचतात.

धुण्याआधी आल्बमचं प्रत्येक पान मोबाईलवर टिपा, फोटोमागची अक्षरंसुद्धा. ती शाई पाण्यात जाऊ शकते. चिकटलेले फोटो ओढू नका, थंड पाण्यात भिजू द्या, मग आपसूक सुटू लागतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपल्याकडे कोमट असतं आणि कोमट पाण्यात खराब झालेलं जिलेटिन बोटाला लागून निघून येतं. बर्फ घालून पाणी आधी २० अंशांच्या खाली आणा, बर्फ विरघळल्यावरच फोटो सोडा. तीन टब घ्या: पहिल्यात मऊ ब्रशने चिखल काढायचा, पुढच्या दोनांत नुसतं खंगाळायचं. रंग विरघळलेल्या जागी ब्रश लावूच नका. पाणी गढूळ झालं की बदला.

सावलीत, दोरीवर कोऱ्या कडेला चिमटा लावून वाळवा, किंवा सुती कापडावर चित्र वर करून ठेवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको. जिलेटिन झपाट्याने आकसून फोटो वळतो, तडकतो. वर्तमानपत्र चिकटतं.

फोटो शेकड्यांनी असतील तर मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना जिवाणू थांबतात. मग थोडे थोडे काढून धुता येतात. इंकजेट प्रिंट मात्र पाण्यात घालू नका, शाई पसरते. आडवे ठेवून वाळवा. आणि नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात काचेच्या निगेटिव्ह निघाल्या, तर त्या फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका.