गोडेलचा ईश्वर आणि संगणकाने पकडलेली चूक

2013 मध्ये बातमी झळकली: संगणकाने ईश्वराचं अस्तित्व सिद्ध केलं. बर्लिनचे क्रिस्टोफ बेन्त्सम्युलर आणि व्हिएन्नाचे ब्रुनो वोल्टझेनलोगेल पालेओ यांनी कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाची सिद्धता संगणकाकडून तपासून घेतली होती. मथळा चुकीचा होता, काम मात्र फार मोलाचं.

गोडेलने 1970 मध्ये ही सिद्धता तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांना दाखवली. तिचा पाया म्हणजे 'सकारात्मक' गुणधर्म. गृहीतकं थोडक्यात अशी: कोणताही गुणधर्म किंवा त्याचा अभाव, यांपैकी नेमका एकच सकारात्मक असतो. सकारात्मक गुणधर्मातून जे अनिवार्यपणे निघतं, तेही सकारात्मक. सगळे सकारात्मक गुणधर्म ज्याच्यात आहेत तो ईश्वर, आणि ईश्वर असणं हाही सकारात्मक गुणधर्म. शेवटचं, 'अनिवार्यपणे असणं' सकारात्मक आहे. यातून आधी निघतं की ईश्वर शक्य आहे, मग निघतं की तो अनिवार्य आहे.

स्कॉट यांनी मांडलेल्या रूपात संगणकाला सगळे टप्पे बरोबर आढळले. गोडेलच्या मूळ हस्तलिखितात मात्र लिओ-2 या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीला विसंगती सापडली. गोडेलची 'सारा'ची व्याख्या अशी: ज्या गुणधर्मातून एखाद्या वस्तूचे सगळे गुणधर्म अनिवार्यपणे निघतात, तो तिचं सार. तो गुणधर्म त्या वस्तूत असायलाच हवा, ही अट त्याने लिहिली नव्हती. स्कॉट यांनी ती घातली.

एवढीशी अट गळल्याने काय होतं? 'स्वतःहून वेगळं असणं' हा गुणधर्म घ्या. आपल्या न्यायग्रंथांतल्या वंध्यापुत्रासारखा तो कशातच असू शकत नाही, आणि अशक्यातून काहीही निघतं या तर्काच्या नियमाने त्यातून कोणताही गुणधर्म निघतो. म्हणजे तो प्रत्येक वस्तूचं सार ठरतो! अनिवार्यपणे असण्याची व्याख्या सांगते की वस्तूचं प्रत्येक सार कशात ना कशात असलंच पाहिजे. ते इथे अशक्य, म्हणून अनिवार्यपणे असणारं काहीच उरत नाही. पण गृहीतकांनुसार सकारात्मक गुणधर्म कशात तरी असणं शक्य असायलाच हवं. झाली विसंगती, आणि विसंगत गृहीतकांतून ईश्वर आहे हेही सिद्ध होतं, नाही हेही.

इतकं बारीक पाहणाऱ्या यंत्रालाही एक प्रश्न सोडवता येत नाही: अनिवार्यपणे असणं खरंच 'सकारात्मक' आहे का? तो प्रयोगशाळेतही सुटणार नाही, कारण त्यासाठी मोजण्याजोगं काहीच नाही. विज्ञानाची मर्यादा मला नेमकी इथे दिसते. गृहीतकं स्वीकारली तर पुढची वाट तपासता येते, ती का स्वीकारायची याचं उत्तर तत्त्वज्ञानातच शोधावं लागतं.

स्कॉट यांच्या सुसंगत रूपालाही किंमत मोजावी लागते. तत्त्वज्ञ जॉर्डन होवर्ड सोबेल यांनी 1987 मध्ये दाखवलं की त्या गृहीतकांनुसार जे जे खरं, ते ते अनिवार्य ठरतं. आज सकाळी तुम्ही चहाऐवजी कॉफी घेतली असेल, तर चहा घेणं शक्यच नव्हतं! हे टाळायला तत्त्वज्ञ सी. अँथनी अँडरसन यांनी 1990 मध्ये पहिलं गृहीतक सैल केलं: काही गुणधर्म सकारात्मक नसतील आणि त्यांचा अभावही सकारात्मक नसेल.